पैसे नाहीत तर भेट नाही?

गेल्या बुधवारी रात्री साडेदहाला माझ्या मावसबहिणीच्या मुलीचा फोन आला. वर्षभरापूर्वी ती नवऱ्यापासून वेगळी झाली. साडेचार वर्षांचा मुलगा तिच्याकडे आहे, कोर्टात केस चालू आहे. म्हणाली, "मावशी, दोन महिने झाले, पैसे आलेले नाहीत. शनिवारी भेट आहे. बाळाला पाठवू का नको?"

मी म्हटलं, पाठव.

पलीकडे एकदम शांतता. मग म्हणाली, "सगळे म्हणतात पाठवू नकोस. आई म्हणते, मामा म्हणतो, शेजारच्या काकू म्हणतात. आमच्या ग्रुपवर विचारलं तर तिथेही सगळ्याजणी हेच. आधी पैसे टाक म्हणावं, मग बघ पोराचं तोंड." आणि शेवटी चिडून, "तू असं कसं म्हणतेस? तुझ्यावर तर हे सगळं येऊन गेलंय."

येऊन गेलंय, म्हणूनच म्हणते. फोनवर तिला सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात किंवा नात्यात असं प्रकरण चालू आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

एक गोष्ट आधीच सांगते. हा सल्ला फक्त बायकांच्या ग्रुपवर फिरत नाही. पुरुषांच्या ग्रुपवरही तोच फिरतो, फक्त उलटा. "पोरगं भेटू देत नाही ना? मग एक रुपया देऊ नकोस, बघू किती दिवस टिकते." दोन्हीकडच्या सल्लागारांना वाटतं की आपण आपल्या माणसाची बाजू घेतोय. पोराची बाजू कोण घेतंय, हे कुणी विचारत नाही.

आता माझं. २०१६ साली माझी मुलगी सात वर्षांची होती. कोर्टाचा अंतरिम आदेश असा होता: मुलगी आईकडे, तिच्यासाठी वडिलांनी महिना सहा हजार रुपये द्यायचे, आणि पहिल्या व तिसऱ्या शनिवारी अकरा ते एक कोर्टातल्या मुलांच्या खोलीत वडिलांची भेट. सुरुवातीचे महिने ठीक गेले. नोटाबंदीनंतर पैसे थांबले. धंदा बसलाय, असा निरोप आला. खरंही असेल. पण शाळेची फी काही बसलेली नव्हती, आणि माझा पगार तेव्हा बारा हजार होता. दोन महिने वाट पाहिली. तिसऱ्या महिन्यात ठरवलं, आता पाठवायचंच नाही. माझ्या वकीलसाहेबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, हे मला माहीत होतं.

पाच महिने पाठवलं नाही. म्हणजे दहा शनिवार. कधी ताप, कधी परीक्षा, कधी पाहुणे. शेवटी शेवटी कारण सांगायचीही तसदी घेतली नाही.

पैसे आले का? एक रुपया आला नाही. उलट त्याला जे कारण हवं होतं ते मी त्याच्या हातात दिलं. त्यानं अर्ज टाकला, आई कोर्टाचा आदेश पाळत नाही, मुलीचं मन कलुषित करते, ताबा मला द्या. तोपर्यंत कोर्टापुढे चुकलेला तो एकटा होता. आता आम्ही दोघंही चुकलेले. माझा वसुलीचा अर्ज आणि त्याचा भेटीचा अर्ज एकाच तारखेला लागायचे. न्यायाधीशांनी त्याला पैशाचं विचारलं की तो भेटीवर बोट ठेवायचा, मला भेटीचं विचारलं की मी पैशावर. दोघांचेही वकील खूश, कारण दोघांकडेही उत्तर होतं. पुढची तारीख.

त्याच दिवसांत लेकीचा पुढचा दात पडला. तिनं तो कापसात गुंडाळून काडेपेटीत ठेवला, बाबांना दाखवायचा म्हणून. शुक्रवारी रात्री ती काडेपेटी दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवायची. शनिवारी सकाळी मी सांगायचे, आज जायचं नाहीये. काही शनिवारांनंतर तिनं विचारणंच सोडलं. मला वाटलं, सवय झाली, बरं झालं.

मग एक दिवस कोर्टातल्या समुपदेशक मॅडमनी तिला समोर बसवून विचारलं, बाबांना भेटायचंय का? दाराच्या काचेतून मी दिसत होते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "नाही." मॅडम नंतर बाहेर आल्या आणि मला एवढंच म्हणाल्या, "ताई, हे उत्तर तिचं नाहीये."

भेटी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा नवा दात अर्धा वर आला होता. काडेपेटीचं काय झालं, मी तिला कधी विचारलं नाही.

हे मी नऊ वर्षांत कुठेही लिहिलेलं नाही. आज लिहिते, कारण पुढचं सगळं वाचताना कुणी म्हणू नये की हिला सांगायला काय जातंय.

आता कायद्याचं. मी वकील नाही. पण पाच वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या की काही कलमं पाठ होतात.

पोटगीचं जे कलम सगळ्यांना १२५ म्हणून माहीत आहे, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे. आकडा बदलला, गाभा तोच. कमावता माणूस बायको, मुलं किंवा आईवडिलांना सांभाळत नसेल, तर कोर्ट त्याला दरमहा रक्कम द्यायला लावू शकतं. हे कलम नीट वाचा. बायकोच्या पोटगीला त्यात अटी घातलेल्या आहेत. पुरेशा कारणाशिवाय नवऱ्याकडे राहायला नकार दिला तर मिळणार नाही, वगैरे. अज्ञान मुलाच्या पोटगीला असली एकही अट नाही. मूल लग्नातलं की लग्नाबाहेरचं, हेही कलम बघत नाही. मग ते गेल्या महिन्यात बापाला भेटलं की नाही, हे ते कशाला बघेल?

दुसरी बाजू ताब्याची आणि भेटीची. त्याचे कायदे वेगळे. १८९० चा पालक व पाल्य कायदा, हिंदूंसाठी १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा, आणि घटस्फोटाची केस चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम २६. या सगळ्यांत न्यायाधीशांपुढे मुख्य प्रश्न एकच असतो, मुलाचं हित कशात आहे. २०२० साली यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, आईबाप भांडत असले तरी मुलाला दोघांच्याही मायेचा हक्क आहे, आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तिथे व्हिडिओ कॉलवर तरी संपर्क राहिला पाहिजे. हक्क मुलाचा म्हटलाय. बापाचं बक्षीस म्हटलेलं नाही, आणि आईची मेहेरबानीही नाही.

म्हणजे ही दोन वेगळी खाती आहेत आणि दोन्ही मुलाच्या नावावर आहेत. एका खात्यात बापानं पैसे भरले नाहीत म्हणून दुसऱ्या खात्यातून आईनं काढून घ्यायचे, किंवा उलट, यात लुटलं कोण जातं? सात वर्षांची पोर.

आपल्या भाषेतच थोडा घोळ आहे. सातबाऱ्यावरची जमीन, भाडेकरूनं अडवलेली खोली आणि पोटचं मूल, तिन्हीसाठी आपण 'ताबा' हा एकच शब्द वापरतो. मग डोकंही तसंच चालतं. ज्याच्याकडे ताबा, त्यानं कुलूप लावायचं.

याच घोळातून आणखी दोन-तीन गैरसमज येतात. तेही सांगून टाकते, कारण ते रोज ऐकू येतात.

एक. "मूल पाच वर्षांचं झालं की बाप घेऊन जातो." मावसबहिणीच्या मुलीला हीच भीती घातली आहे. कायदा एवढंच म्हणतो की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा. पाचव्या वाढदिवसाला आपोआप काहीही बदलत नाही. तेव्हाही प्रश्न हिताचाच राहतो, आणि समजत्या वयाच्या मुलाचं म्हणणंही कोर्ट विचारात घेऊ शकतं.

दोन. "पगाराच्या पंचवीस टक्के पोटगी ठरलेलीच आहे." २०१७ च्या एका निकालात तो आकडा आला आणि तेव्हापासून तो नियम असल्यासारखा फिरतोय. ठरलेलं सूत्र कुठलंही नाही. दोघांचं उत्पन्न, मुलाच्या गरजा, राहणीमान, जबाबदाऱ्या, सगळं बघून रक्कम ठरते. आणि बायांनो, आपणही कमावत असू तर मुलाच्या खर्चात आपलाही वाटा आहे. २००० सालीच सर्वोच्च न्यायालयानं आईबापांचा वाटा त्यांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात धरला आहे.

तीन, आणि हा सगळ्यात घातक. संमतीनं घटस्फोट घेताना अटींमध्ये एक ओळ घातली जाते: "पत्नी स्वतःसाठी व मुलासाठी पोटगी मागणार नाही, पती ताबा मागणार नाही." सुटलो एकदाचे, म्हणून दोघंही सही करतात. स्वतःची पोटगी बाई सोडू शकते, मुलाचा हक्क सोडायचा तिला अधिकार नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलेलं आहे. तरी ती ओळ लिहिली जाते, कारण त्या क्षणी मुलाच्या वतीनं बोलणारं तिथे कुणी नसतं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, कायदा इतका स्वच्छ आहे तर बाया भेट का अडवतात आणि बाप पैसे का अडवतात? सगळे वाईट असतात का?

नसतात. काही असतात, तेही पाहिलेत. पण बहुतेकांच्या हातात दुसरं काही नसतं म्हणून ते हे करतात. अंतरिम पोटगीचा अर्ज, नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असं कायद्यातच लिहिलंय. ते 'शक्यतो' किती लांबतं हे बघायचं असेल तर रजनेश विरुद्ध नेहा हे प्रकरण बघा. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून गेलेलं. बाईंनी पोटगीचा अर्ज केला २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला ४ नोव्हेंबर २०२० ला. अर्ज केला तेव्हा तान्हं असलेलं मूल तोवर शाळेत गेलेलं.

निकाल मात्र चांगला आहे. दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च यांचं शपथपत्र सुरुवातीलाच द्यायचं, खोटं लिहिलं तर कारवाई, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू. पण कागदावरचा निकाल आणि खात्यात पडलेले पैसे यांत अंतर आहे. पगारदाराची स्लिप तरी असते. ज्याचा व्यवहार रोखीचा, दुकान भावाच्या नावावर, जमीन वडिलांच्या नावावर, तो शपथपत्रात 'मासिक उत्पन्न आठ हजार' लिहितो आणि बुलेटवरून कोर्टात येतो.

वसुलीचा रस्ताही सरळ नाही. थकलेल्या पोटगीसाठी वेगळा अर्ज करायचा, तोही रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत, नाहीतर या कलमाखाली वॉरंट निघत नाही. वॉरंट निघालं तरी ते परत येतं, "सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही." तो इसम संध्याकाळी कुठल्या टपरीवर असतो हे सगळ्या गल्लीला माहीत असतं. न भरणाऱ्याला कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून थकबाकी माफ होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलंय. पण तिथवर पोचेपर्यंत पोराची दोन शैक्षणिक वर्षं संपतात. अशा वेळी बाईच्या हातात काय उरतं? पोर. ती तेच धरून बसते.

आणि बापांचंही सांगते, कारण मी त्या बाकड्यावर त्यांच्या शेजारी बसले आहे. एक जण नियमित पैसे भरणारा होता, पावत्यांची फाइल घेऊन यायचा. दर शनिवारी खाऊचा डबा आणायचा आणि एक वाजता तोच भरलेला डबा घेऊन परत जायचा. त्याचा भेटीचा अर्जही माझ्या वसुलीच्या अर्जासारखाच तारखांवर तारखा खात होता. एक दिवस तो म्हणाला, "ताई, पैसे बंद केले की निदान ती कोर्टात तरी येईल." मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. तो जे म्हणत होता, तेच मी घरी बसून करत होते.

म्हणून माझं म्हणणं असं की हा सौदा आईबाप करतात, पण त्याचा बाजार दिरंगाईनं मांडलेला आहे. मोर्चे, परिषदा, टीव्हीवरच्या चर्चा यात बायका विरुद्ध पुरुष असाच सामना लावतात. मला त्यात रस नाही. मला हव्या असलेल्या गोष्टी साध्या आहेत.

मुलाची अंतरिम पोटगी आणि अंतरिम भेट, दोन्ही आदेश एकाच दिवशी आणि साठ दिवसांच्या आत व्हावेत. 'शक्यतो' हा शब्द मुलापुरता तरी काढा. नोकरदाराच्या बाबतीत मुलाची रक्कम पगारातून थेट वळती व्हावी. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २० मध्ये नोकरी देणाऱ्यालाच थेट पैसे द्यायला सांगायची सोय २००६ पासून आहे. मग ती अपवाद म्हणून का वापरायची? भेट मोडणाऱ्या पालकाच्या बाबतीतही तितक्याच लवकर सुनावणी व्हावी, बुडालेल्या भेटी भरून द्याव्यात. आणि भेटीसाठी कोर्टाच्या आवाराबाहेर चांगली जागा असावी. चाक निघालेली सायकल आणि पानं फाटलेली चित्रांची पुस्तकं, बाहेर पट्टेवाल्याचा पुकारा, यात बाप-लेकीनं दोन तास काय बोलायचं? विधी आयोगानं मे २०१५ मध्ये आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताबा, मुलाच्या खर्चाचे आणि भेटीचे निकष यावर सविस्तर शिफारशी केल्या. त्यानंतर माझी लेक पहिलीतून दहावीपर्यंत पोचली.

आता एक अपवाद, आणि तो नीट वाचा. मूल धोक्यात असेल, मारहाण होत असेल, दारू पिऊन येत असेल, पळवून न्यायची भीती असेल, तर 'पाठव' असं मी कुणालाही म्हणणार नाही. पण तेव्हा ताप आल्याचं खोटं सांगू नका. कोर्टात अर्ज करा, कारण लिहा, भेट थांबवा म्हणा किंवा दुसऱ्या कुणाच्या देखरेखीखाली ठेवा म्हणा. खरा धोका आणि थकलेले हप्ते यांची सरमिसळ केली की उद्या जिच्या पोराला खरंच धोका आहे, तिच्यावरही कोर्ट विश्वास ठेवत नाही.

आणि रोजच्या रोज करायच्या चार गोष्टी.

पैसे आले नाहीत तर वसुलीचा अर्ज करा, वर्षाची मुदत चुकवू नका, आणि शनिवारी मूल पाठवा. भेट झाली नाही तर भेटीसाठी अर्ज करा, आणि एक तारखेला पैसे भरा, तेही बँकेतून. हातात रोख देऊ-घेऊ नका. आदेशात किंवा संमतीच्या अटींत 'सोयीनुसार भेट' असलं मोघम लिहू नका. कुठला वार, किती वाजता, कोण आणणार, दिवाळीची सुट्टी कशी वाटायची, गॅदरिंगला कोण जाणार, फी कोण भरणार, दरवर्षी रक्कम किती वाढणार, सगळं लिहा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला आणि मुलाला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि पोराच्या हातून निरोप पाठवू नका. "बाबांना सांग फी भरायचीय," हे वाक्य मी माझ्या लेकीला कितीदा सांगितलं असेल. बाबांना भेटायला जाणाऱ्या पोरीला मी वसुली कारकून केलं होतं.

आमचा घटस्फोट २०२० मध्ये संमतीनं झाला. थकबाकीतली थोडी आली, बरीच बुडाली. दर महिन्याची रक्कम मात्र नंतर नियमित येऊ लागली. तिचे बाबा चांगले की वाईट, यावर मी इथे काही बोलणार नाही, तेही फेसबुकवर आहेत. लेक आता सोळा वर्षांची आहे, हवं तेव्हा त्यांच्याकडे जाते. मध्ये एकदा सहज म्हणाली, "आई, तेव्हा मला वाटायचं माझे पैसे भरलेले नाहीत म्हणून मला बाहेर काढलंय. शाळेत फी नाही भरली की उभं करतात ना, तसं." मला काही बोलता आलं नाही. मी चहा ठेवायला उठले.

मावसबहिणीच्या मुलीनं काल बाळाला पाठवलं. तिच्या आईला ते पटलेलं नाही, माझ्याशी बोलत नाहीये. पैसे अजून आलेले नाहीत. वसुलीचा अर्ज सोमवारी टाकायचा आहे, मी तिच्यासोबत जाणार आहे.